मुदतीबाहेरची सातवी

सातवीच्या वर्गातला उशीर खिडकीपासून दाराकडे सरकत गेला. सत्राच्या पहिल्या मुदतबाह्य यादीत खिडकीलगतच्या बाकावरच्या एकाच मुलीचे नाव होते. दुसऱ्या यादीत तिच्या शेजारणीचे नाव आले. तिसऱ्या यादीत त्यांच्या मागच्या बाकावरच्या दोघी आल्या, मग मधली रांग आली, आणि सत्र संपत आले तेव्हा दाराशी बसणारी मुलेही फळ्यावर होती. शेजारच्या तुकडीला तेच ग्रंथालय, तीच मुदत आणि तेच नियम होते. तिथे असे काही झाले नाही.

शाळेची ग्रंथपाल ही माझी आत्या. वर्गासमोर मी तिला बाई म्हणतो आणि ती मला सर म्हणते. डबा उघडला की ती मला ‘अरे’ म्हणते आणि मी तिला ‘अगं’. मी विज्ञान शिकवतो. ती काही शिकवत नाही असे तिचे म्हणणे आहे, पण ती या शाळेत आली तेव्हा पुस्तकांच्या कपाटांना कुलपे होती आणि किल्ल्या कार्यालयात असत. ती कुलपे काढायला तिला चार मुख्याध्यापक लागले. पुस्तक घरी न्यायची सवलत तिने भांडून मिळवली आहे आणि ती स्वतःच्या मालकीची असल्यासारखी सांभाळते.

नियम तिनेच घातले होते आणि ते सोपे होते. एका वेळी एक पुस्तक, पंधरा दिवसांसाठी. त्यानंतर एक आठवडा सवलतीचा. तो उलटला की नाव दाराशेजारच्या फळ्यावर. उशिरा आणून दिले तर पुढचे पंधरा दिवस त्या मुलाचे कार्ड बंद. आणलेच नाही तर आणेपर्यंत बंद. दंड नाही. “दंड ठेवला की पोरं पुस्तक भाड्यानं घेतल्यासारखी ठेवून घेतात,” असे ती म्हणे, आणि याला पुरावा काय असे मी विचारले की माझ्या डब्यातली भाजी उचले.

त्या दिवशी मात्र तिने डबाच उघडला नाही.

“मोठ्या बाईंनी बोलावलं होतं,” ती म्हणाली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. “पुढच्या सत्रापासून पुस्तकं घरी द्यायची नाहीत. इथेच बसून वाचायचं. सोमवारी सूचना लागणार.”

“सातवीमुळे?”

“एका वर्गात लागलेलं उद्या दुसऱ्या वर्गात लागेल म्हणाल्या. मी काय सांगणार? फळा त्यांनी स्वतः वाचला.”

“मग सातवीपुरतं बंद करा म्हणायचं.”

“तेही म्हणून बघितलं. ‘एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं कसं चालेल’ म्हणे.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. “अरे, यातल्या निम्म्या पोरांच्या घरी दिनदर्शिकेखेरीज वाचायला काही नाही.”

शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाची उत्तरे तयार होती. खेळाच्या सरांच्या मते कारण मोबाइल. पण मोबाइल शेजारच्या तुकडीतही होते, शिवाय मोबाइल बाकांच्या क्रमाने बिघडवत जात नाही. चित्रकलेच्या बाईंच्या मते सातवीला नजर लागली होती. हे मत मी तपासले नाही. सातवीच्या वर्गशिक्षकांच्या मते वर्गच वाया गेला होता. ते दरवर्षी दर वर्गाबद्दल असे म्हणत, त्यामुळे त्यातून नवी माहिती मिळत नव्हती.

मी बाकांचा आराखडा काढला आणि कोणाचे नाव कोणत्या यादीत प्रथम आले ते प्रत्येक जागेवर लिहिले. रेषा ओढायची गरज पडली नाही. कागद आत्याकडे सरकवला.

“हे आळसाचं चित्र नाही,” मी म्हणालो. “आळस विखुरलेला असतो. हे एकाकडून दुसऱ्याकडे गेलंय. साथीसारखं.”

“पुस्तक परत न करण्याची साथ! औषध सांग, शहाण्या.”

“आधी लागण कशी होते ते बघू.”

दुसऱ्या यादीत नाव आलेली मुलगी वर्गात चिमणी म्हणून ओळखली जाते. ती कधी गप्प बसत नाही. मी तिला प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुसायला बोलावले, कारण हाताला काम असले की माणूस खरे बोलतो असा माझा अनुभव आहे. सिद्धान्त नाही.

“पुस्तक उशिरा का आणलंस?”

“माझं वाचून झालं होतं, सर. शप्पथ. पण मग ती वाचत होती ना.”

ती म्हणजे शेजारीण. पहिल्या यादीतले एकमेव नाव. वादात कोणाला हार जात नाही म्हणून सगळे तिला वकीलीण म्हणतात.

“तिनं स्वतःचं पुस्तक का नाही घेतलं?”

“तिचं कार्ड बंद आहे! मग मी माझ्या कार्डावर काढलं. आधी मी वाचलं, मग ती. आणि ती कशी वाचते माहितेय? पुढं जाते, परत मागं येते, म्हणते हे आधी असं नव्हतं लिहिलं. सवलतीचा आठवडासुद्धा संपला, सर. मग माझंही कार्ड बंद.”

“आणि मग?”

“मग आम्ही दोघींनी मागच्या बाकावर मागितलं.” तिने नळी उजेडात धरून बघितली. “पण मागच्या बाकावर आधीच दोघी. म्हणजे एका पुस्तकाला तिघी-चौघी झाल्या. ते कसं वेळेत जाणार? सर, ही फुटकी आहे, मी नाही फोडली.”

उरलेले गणित मी एकट्याने केले. दोघींचे वाचन एका कार्डावर आले की पुस्तक उशिरा जाते. उशीर झाला की तेही कार्ड बंद होते, आणि दोघींचे वाचन तिसरीच्या कार्डावर पडते. शिक्षेचे पंधरा दिवस संपून एखादे कार्ड उघडते, तोवर त्याच्यापुढे वाट पाहणाऱ्यांची रांग वाढलेली असते. ज्या नियमाने उशीर कमी व्हायचा, तोच नियम उशीर वाटत सुटला होता.

आत्याने हे पूर्ण ऐकून घेतले. मध्ये एकदाही टोकले नाही, हे तिच्या बाबतीत नोंदवण्यासारखे आहे.

“म्हणजे पोरं वाचत होती,” ती म्हणाली.

“जरा जास्तच.”

“आणि मी त्यांना बंद करत होते. पण अरे, सुरुवात वकीलीणीपासूनच आहे ना? तिनं पुस्तक आणून दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मोठ्या बाई हेच म्हणतील. एक पोरगी पुस्तक दाबून बसली आणि वर्ग बिघडवला.”

तिचा आक्षेप बरोबर होता. साथ कशी पसरली ते कळले होते; पहिली रुग्ण आजारी का पडली ते कळले नव्हते.

वकीलीण ग्रंथालयात आली ती दोन्ही हात पाठीमागे बांधून, जणू आम्हीच साक्षीदार होतो.

“पुस्तक कुठे आहे?” मी विचारले.

“दिलं.”

“कधी?”

“मुदतीत. बाईंच्या हातात.”

“मग तसं सांगितलं का नाहीस?” आत्या म्हणाली.

“सांगितलं होतं, बाई. तुम्ही ट्रे उघडून दाखवलात आणि म्हणालात, ‘दिलंस तर मग पुस्तकाचं कार्ड इथे काय करतंय?’ आईला सांगितलं, तर ती म्हणाली बाई कशाला खोटं बोलतील. मग मी सांगायचं बंद केलं.” तिने माझ्याकडे मान वळवली. “सर, तुमचा विश्वास आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “अविश्वासही नाही. तू दिलं असशील तर पुस्तक या इमारतीत आहे. बघू.”

हे उत्तर तिला पसंत पडले असावे. तिने हात सोडले.

ट्रेबद्दल सांगायला हवे. आमच्याकडे संगणक नाही. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा चिकटवलेला असतो आणि त्यात त्या पुस्तकाचे कार्ड. पुस्तक घरी जाते तेव्हा ते कार्ड काढून ट्रेमध्ये त्या मुलाच्या नावाच्या पाकिटात ठेवतात. पुस्तक आले की कार्ड पाकिटातून पुन्हा पुस्तकाच्या खिशात. ज्याच्या पाकिटात कार्ड आहे, त्याच्याकडे पुस्तक आहे. आत्याची या पद्धतीवर श्रद्धा आहे आणि ती तशी अवाजवी नाही. मी उलटसुलट तपासून पाहिली तेव्हा तिच्यात मला चूक सापडली नव्हती.

रॅक आम्ही तिघांनी वाटून घेतले. पुस्तक त्याच्या जागी नव्हते, खालच्या-वरच्या फळीवर नव्हते, फळ्यांच्या मागे पडलेले नव्हते. शिक्षकांना दिलेल्या पुस्तकांत नव्हते. वकीलीणीचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“बाई,” ती शेवटी म्हणाली, “तेव्हा तुम्ही ते इथे ठेवलंच नव्हतं. तुम्ही आत गेला होतात.”

“आत कशाला जाईन?”

“पाठीकडून सुटलं होतं ना ते. मीच दाखवलं, की बाई हे उघडलं की अर्धं हातात येतंय. तुम्ही म्हणालात, ‘बरं झालं सांगितलंस, पोरं लपवतात.’”

आत्याचा हात रॅकवर होता तिथेच राहिला. मग ती आतल्या खोलीकडे गेली. ती खोली म्हणजे मोडक्या खुर्च्या, जुने नकाशे आणि एका कोपऱ्यात दोरीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे. पुठ्ठे निघालेली, शिवण उसवलेली. तिने वरचा गठ्ठा सोडला, दुसरा सोडला. वकीलीणीचे पुस्तक दुसऱ्यात होते, मागच्या पुठ्ठ्याशिवाय.

“हे परत आलेल्यांतलं आहे,” मी म्हणालो.

“हे बांधणीतलं आहे,” आत्या म्हणाली, आणि स्वतःचेच वाक्य ऐकून खुर्चीवर बसली.

तिने वकीलीणीला वर्गात पाठवले. जाताना एवढेच म्हणाली, “तुझं कार्ड उघडलं.” मुलगी दारातून परत वळून म्हणाली, “आणि चिमणीचं?” “सगळ्यांचं,” आत्या म्हणाली.

आम्ही गठ्ठे पूर्ण सोडले. प्रत्येक पुस्तकाचे कार्ड ट्रेमध्ये कोणाच्या ना कोणाच्या पाकिटात सापडले. इतर वर्गांतही अशी एकेकटी नावे होती. त्या मुलांनी फळा पाहिला, खांदे उडवले आणि वाचन सोडून दिले. म्हणून तिथे काही पसरले नाही. सातवीत बंद झालेल्या मुलीला वाचल्यावाचून राहवत नव्हते आणि तिला मैत्रीण होती. दोन तुकड्यांमधला फरक एवढाच.

“मोठ्या बाईंना काय सांगायचं?” मी विचारले. “नियमामुळे झालं, एवढं सांगितलं तरी ते खोटं नाही. पुस्तकं घरी देणं वाचेल.”

“आणि वकीलीण?”

फक्त नियमाला दोष दिला की पुस्तक दाबून बसल्याचा ठपका वकीलीणीवर तसाच राहत होता.

“तू शास्त्रज्ञ ना रे?” आत्या म्हणाली. “निम्मं मोजमाप कधीपासून सांगायला लागलास? चल.”

मोठ्या बाईंच्या खोलीत ती बसली नाही. मी सोबत होतो, पण बोलायची वेळ आली नाही. मोठ्या बाईंनी बराच वेळ ऐकले आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं हीच पद्धत आहे. मग याच वर्षी का?” प्रश्न नेमका होता. आत्याकडे उत्तर होते, आणि ते देताना तिचा आवाज बदलला नाही. मोठ्या बाईंनी सूचनेचा मसुदा फाइलमधून काढून दुमडला. “देवघेव चालू राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण वर्गाला तुम्ही स्वतः सांगा. माझ्याकडून नको.”

शनिवारी आत्या सातवीसमोर उभी राहिली. मी मागच्या भिंतीशी होतो. वर्गशिक्षक हजेरीपटात डोके घालून बसले होते.

“उशिराबद्दल यापुढे कार्ड बंद होणार नाही,” ती म्हणाली. “हे एक. दुसरं, फळ्यावर पहिलं नाव जिचं होतं, तिनं पुस्तक वेळेत दिलं होतं. माझ्या हातात दिलं होतं.”

कोणीतरी मागच्या बाकावरून विचारले, “मग नाव कसं लागलं, बाई?”

“फाटलेलं पुस्तक बांधणीला जातं तेव्हा मागचा पुठ्ठा निघतो, आणि कार्डाचा खिसा त्याच पुठ्ठ्याला असतो. खिसा नाही, म्हणून कार्ड मी तुमच्याच पाकिटात राहू देत होते, पुस्तक बांधून येईपर्यंत. पूर्वी बाइंडर दर आठवड्याला येत, त्यामुळे सवलतीच्या आठवड्यात पुस्तक बांधून व्हायचं आणि कार्ड निघायचं. ती सवलत तुमच्यासाठी आहे असं मी समजत होते. ती माझी पद्धत झाकत होती. सत्राआधीच्या सुट्टीत बाइंडर त्यांच्या मुलीकडे राहायला गेले, आणि दुसरा कोणी आपण बोलावला नाही. पुस्तकं परत आली होती. ती परत आली असं मी बांधणी झाल्यावर धरत होते, आणि बांधणी करणारं कोणी उरलं नव्हतं.”