साहेबाचं उत्तर

लोकर कातरायच्या शेडमधला गलका वाढत गेला, तशी हेस्टर मॅकास्किलनं चहाची किटली खाली ठेवली आणि ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. लंडनहून आलेले पेनफोल्डसाहेब लोकरीच्या गठ्ठ्यांपुढे उभे होते. सरकारचं म्हणणं त्यांनी नुकतंच मांडलं होतं. फॉकलंडची मालकी अर्जेंटिनाला द्यायची आणि तीच बेटं त्यांच्याकडून भाडेपट्ट्यानं परत घ्यायची. शाळा, कायदा, झेंडा, सगळं होतं तसंच राहील.

हेस्टरचा दीर रोरी म्हणाला, मेंढरू विकतानाही आम्ही गिऱ्हाईक पारखून घेतो, हे तर आम्हालाच विकायला निघालेत. लोक हसले. साहेब हसले नाहीत.

हेस्टरलाही हसू आलं नाही. तिच्या नवऱ्याला मागच्या टेकडीवर पुरलं होतं. मुलगा डंकन इथंच मेंढ्या राखायच्या की न्यूझीलंडला जायचं, या पेचात वर्षभर अडकला होता. आत्ताही तो दाराशी उभा राहून ऐकत होता.

"साहेब," ती म्हणाली, "तुमची मुलंबाळं इथं असती, तर तुम्ही हे पत्करलं असतं?"

साहेबांबरोबर आलेल्या चिटणिसानं घाईनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पेनफोल्डसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

"नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही नकार दिलात आणि उद्या अर्जेंटिना चालून आला, तर आमच्या लढाऊ बोटी वेळेवर येतील, असा शब्दही मला देता येणार नाही."

आजवर किती पाहुणे आले, मटण खाऊन, बेटांची तारीफ करून गेले. एवढं सरळ कोणी बोललं नव्हतं, आणि या माणसाला तर त्याची नोकरीत किंमत मोजावी लागणार होती.

मग हात वर झाले. सगळ्यांचा नकार. हेस्टरचाही. त्यानंतर रोरीनंच शेगडीजवळची खुर्ची साहेबांपुढे सरकवली, आणि हेस्टरनं त्यांना चहा दिला.

लोक पांगल्यावर डंकन तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"जिंकलो की आपण, आई."

"तू न्यूझीलंडच्या बोटीचं बघ," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. "आणि तू?"

"मी हात वर केलाय ना," हेस्टर म्हणाली आणि रिकामे कप गोळा करू लागली.