जड ते परत खाली

भास्कर गावसाने भट्टीवरची नळी हातभर वाढवली, त्या सकाळपासून वाडीतल्या कुणालाच फणसाच्या वळणापुढे जाता येईना. वळणापर्यंत सगळं ठीक असे. तिथे अंगावर गारवा यायचा, आणि माणूस ओलाचिंब होऊन, उतार नसतानाही घरंगळत आपल्याच अंगणात परत यायचा.

भास्करला यात वावगं काही वाटलं नाही. काजूच्या बोंडांचा रस तांब्याच्या हंड्यात उकळायचा, वाफ नळीतून चढायची. जड ते परत खाली, हलकं तेवढंच पुढे. नियम सगळ्यांना सारखाच. वाफ जागोजागी अडावी म्हणून त्याने नळीत फुटक्या बांगड्यांच्या काचा भरल्या होत्या. तरी दारूला बोंडांचा उग्र वास येतच होता, आणि त्या वासाने त्याची झोप उडवली होती.

त्याच्या बायकोला, शालनला, मात्र वळणापलीकडे जायचंच होतं. माहेरी तिची आई शेवटच्या घटका मोजत होती.

पहिल्या खेपेला शालन परत आली ती हातातल्या पिशवीशिवाय.

"ओ, इस्तव इजवा," केस पिळत, चुलीतल्या जाळाकडे बोट दाखवत ती म्हणाली. "माका आयेच्या तोंडात पाणी घालूचा आसा."

"वायच थांब. एक धार बघतंय."

धार पाहिली. वास कमी झाला होता. मग कसला हात थांबतोय! त्याने आणखी काचा भरल्या.

पुढच्या खेपेला तिची कंबरदुखी गेली होती. त्यापुढच्या खेपेला राग. हे भास्करला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. लग्नापासूनचा राग एका फेरीत उतरला होता. मग एकदा ती अंगणात उभी राहून म्हणाली, "मी खंय चललंय?"

"आयेकडे," तो म्हणाला. चूल विझवायला त्याने पाण्याची बादली उचललीही. पण नळीच्या तोंडाशी तेव्हाच बिनवासाची धार लागली. बादली हातातच राहिली. शालन भरभर अंगण ओलांडून गेली आणि वळणावर थांबलीसुद्धा नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. शालनची भावजय होती.

"वन्सं इल्यो. सगळ्यांकडे बघून हसतत. पण इचारतत, ही म्हातारी कोणाची?"

"आणि आये?"

"आये शालू शालू करता. जीव जायना तिचो. भावजी, तुमी तरी येवा."

भास्कर फोन कानाला लावूनच धावला. वळणाने त्याला अंगणात आणून टाकलं. तो पुन्हा धावला, पुन्हा अंगणात आला. त्याच्या मनावरचं ओझं तसूभरही कमी झालं नव्हतं.

तेवढ्यात हंड्यातून आवाज आला. उकळत्या रसाच्या तळाशी कुणीतरी रडत होतं.

"गे आये," शालन आतून म्हणाली. "मी इलंय, आये."

"कोण तां?" भावजयीने फोनवर विचारलं.

"म्हातारीच्या कानाक लाव!" भास्कर ओरडला. "आधी कानाक लाव!"

त्याने फोन हंड्याच्या पोटाशी धरला. तापल्या तांब्याने बोटं भाजत होती. चुलीतला जाळ बसत चालला, तशी उकळी मंदावली आणि आतली हाक बारीक होत गेली. त्याने हात हलवला नाही. पायानेच एक लाकूड चुलीत सारलं, मग दुसरं.