रक्तवाढीची गोळी

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी शिवांगीला टेबलावर बसवलं, पुढ्यात लाकडी ठोकळे ठेवले आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. साडेतीन वर्षांची पोर. ठोकळा उचलायची, तोंडाला लावायची, टाकून द्यायची. बोलणं म्हणाल तर 'अव्वा' हा एकच शब्द, तोही आजीला, आईला, भिंतीला, मांजराला, सगळ्यांना सारखाच. डॉक्टरांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. मग अक्षराकडं बघून विचारलं, "ही पोटात असताना तुम्हाला कसली गोळी चालू होती का? फिटची वगैरे?"

अक्षराच्या शेजारी सासू गौरम्मा बसलेली, मागं नवरा रविकिरण उभा.

"न्हाई," अक्षरा म्हणाली. "रक्तवाढीची तेवढी."

"ती तर लग्नापासूनच घेऊन राहिली," गौरम्मानं भर घातली. "माहेराहून येते तिची."

डॉक्टरांनी तेच कागदावर लिहून घेतलं.

बाटली माहेराहून यायची हे खरं. आतली गोळी मात्र रक्तवाढीची नव्हती. नववीत असताना कंधारच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी अक्षरा उभ्याउभ्या धाडकन कोसळली होती. वडलांनी नांदेडला नेलं, तिथं गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबल्या. थांबल्या म्हणून पुढं डॉक्टरकडं जाणंही थांबलं. जुन्या चिठ्ठीवर भाऊ मेडिकलमधून गोळ्या आणत राहिला. रेणापूरचं स्थळ आलं, बियाण्या-खताचं चालतं दुकान, माणसं लिंगायत, चांगली. तेव्हा आई म्हणाली, "आता येत न्हाईत तर सांगायचं कशाला?" आणि तिनं गोळ्या पाकिटातून काढून टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. त्या गोळीनं पोटातल्या जिवाला काही होतं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्षरालाही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं आणि तिला कळलं.

रेणापूरला परतताना पोर मांडीवर झोपली होती. अक्षरानं मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं आणि वाचत गेली. उशिरा बोलणं. समज कमी पडणं. बसकं नाक, वरचा ओठ पातळ. ती वाचायची आणि मांडीवरच्या चेहऱ्याकडं बघायची. त्याच पानावर खाली लिहिलं होतं की ही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय एकाएकी सोडू नये, जिवावर बेतू शकतं. तेही तिनं वाचलं. पण डॉक्टरला विचारायचं तर आधी घरात सांगावं लागणार. आणि तिची पाळी चुकलेली होती.

घरी आल्यावर तिनं बाटली मोरीत रिकामी केली, पाणी ओतलं, पुन्हा ओतलं. गावातल्या आशा कार्यकर्तीनं मागं दिलेल्या रक्तवाढीच्या खऱ्या लाल गोळ्या माळ्यावर पडून होत्या, त्या बाटलीत भरल्या.

पुढं बरेच दिवस काहीच झालं नाही. अक्षराला वाटलं, आपण उगीच भीत होतो. दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं तिनं घरात सांगितलं. गौरम्मानं देवापुढं नारळ फोडला आणि रोज जेवण झाल्यावर स्वतः बाटली घेऊन समोर बसायला लागली. "घे, माझ्या पुढ्यात घे. पयल्या खेपंला आपण ध्यान दिलं न्हाई." अक्षरा लाल गोळी गिळायची.

मग नववीतले ते सकाळचे झटके परतले. आधी बारीक. चहाची कपबशी धरली की कुणी कोपराला धक्का दिल्यासारखा हात उडायचा. एकदा वेणी घालताना कंगवा भिंतीवर जाऊन आदळला. एकदा अख्खा कप रविकिरणच्या पायावर सांडला.

"अशक्तपणा हाय," गौरम्मा म्हणाली. "आजपासनं दोन गोळ्या घे."

रविकिरण पाय पुसता पुसता बायकोकडं बघत राहिला. "डोळे खोल गेलेत तुझे. झोपत न्हाईस का?"

"झोपते की."

ती झोपत नव्हती. झोप कमी झाली की झटके वाढतात हे तिला नववीपासून माहीत होतं, आणि त्याच विचारानं झोप येत नव्हती. भावाला फोन करून गोळ्या मागवाव्यात असं रोज मनात यायचं. रोज ती शिवांगीकडं बघायची आणि फोन खाली ठेवायची.

त्या सोमवारी गौरम्मा इष्टलिंगाच्या पूजेला बसली होती, रविकिरण दुकान उघडायला गेला होता. अक्षरा न्हाणीत शिवांगीला आंघोळ घालायला पाणी काढत होती. गरम पाण्याची बादली उचलली आणि दोन्ही हात लागोपाठ उडाले. तिला समजलं. तिनं बादली कोपऱ्यात ढकलली, पोरीला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर उभं केलं. "जा, आजीकडं जा." ते शब्द तोंडातून नीट बाहेर पडले की नाही, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

पूजेतल्या गौरम्माला नातीचा आवाज ऐकू येत होता. अव्वा, अव्वा, अव्वा. पोर दिवसभर तेच म्हणायची. गौरम्मानं डोळे उघडले नाहीत. पूजा आटोपून ती उठली तेव्हा न्हाणीचं पाणी वाहत अंगणात आलं होतं, त्यात लाल रेघ होती, आणि पोर पाण्यात उभी राहून अजून तेच म्हणत होती.

लातूरला नेईपर्यंत गाडीत आणखी एक फिट आली.

शुद्धीवर आल्यावर अक्षराच्या कपाळाला टाके होते, जीभ सुजून जाड झाली होती. पोटातल्या बाळाचे ठोके चालू आहेत असं नर्सनं सांगितलं. मग तिनं त्या जाड जिभेनं सगळं सांगितलं. नववीतली प्रार्थना, बाटली, मोरी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "ती गोळी पोटातल्या बाळाला धोक्याचीच," त्या म्हणाल्या. "पण एकदम सोडली तर दोघांनाही धोका. दुसरी गोळी असते. दिवस राहायच्या आधीच हळूहळू बदलायची असते. विचारलं असतं तर सांगितलं असतं कुणीतरी." त्यांनी नवी गोळी सुरू केली. सुरुवातीचे आठवडे जुन्या गोळीवर गेलेत, त्याचं काय होईल ते आज सांगता येणार नाही, एवढंही सांगितलं.

रविकिरण बाहेर जिन्यात गेला. त्यानं कंधारला फोन लावला. मेव्हण्याला म्हणाला, "गोळ्या धाडू नका आता," आणि ठेवून दिला. त्यानंतर तो सासुरवाडीची पायरी चढला नाही.

गौरम्मा मात्र खाटेशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सुनेच्या केसांतलं वाळलेलं रक्त ओल्या फडक्यानं पुसताना म्हणाली, "तुझ्या आईनं तवाच सांगितलं असतं, तर मी ह्या सोयरिकीला न्हाई म्हणले असते. खोटं कशाला बोलू."

"म्हणूनच न्हाई सांगितलं, आत्या."

"हाव," गौरम्मा म्हणाली. फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला लागली.

दिवाळीनंतर मुलगा झाला. वजन चांगलं, हातपाय धड. अक्षराला फिट आली नाही. शिवांगीला आठवड्यातून दोनदा रविकिरण लातूरला बोलायचं शिकवायला नेऊ लागला. ती आता पाणी मागते, दूध मागते.

बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा शेजारच्या नीलाबाई बघायला आल्या. बाळ पाळण्यात पडून वर छताकडं बघत होतं. नीलाबाईंनी गालाला हात लावला, कडाकडा बोटं मोडली.

"लई शांत लेकरू हाय गं तुझं," त्या म्हणाल्या. "रडत बी न्हाई, काही न्हाई. तान्ही असताना शिवांगी बी अशीच होती. नशीब काढलंस."

गौरम्माचा निवडणारा हात सुपातच थांबला. अक्षरा उठली, पाळण्याशी गेली, आणि बाळाला रडू यावं म्हणून तिनं त्याच्या तळव्यावर हलकेच टिचकी मारली.