शिवेपलीकडचा वाघ

जाहिरातीत होतं: सह्याद्रीच्या कुशीतली खरी आदिवासी संस्कृती अनुभवा.

जाहिरात गहिनीनाथने स्वतः लिहिली होती, तिसगावला वडिलांच्या बियाणांच्या दुकानात, बाजरीच्या पिशव्यांना टेकून. ‘खरी’ या शब्दाखाली रेघ होती. तोवर त्याने अकोले तालुका एकदाच पाहिला होता, कळसूबाईला गेला तेव्हा, आणि तोही धुक्यात. तिसगाव जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला, अकोले ओल्या टोकाला. जिल्हा एकच, कलेक्टर एकच. पावसाला मात्र हे कुणी कळवलेलं नाही.

वडील, म्हणजे मच्छिंद्रनाना, यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. ट्रेकिंगचा धंदा तोवर उभा राहिला तर राहिला, नाही तर गहिनीनाथने मुकाट दुकानात बसायचं. नानांचं म्हणणं असं की डोंगर चढायला माणसाला दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही, बियाणं घ्यायला लागते. गहिनीनाथने हे खोटं ठरवायचं होतं. पण गिऱ्हाईक जमता जमता आश्विन संपत आला आणि पहिली सहल निघाली ती वाघबारशीच्या दिवशी, दिवाळीच्या अगदी उंबऱ्यावर. त्या दिवशी वाघबारस आहे हे त्याला माहीत नव्हतं. तिसगावात त्याच दिवसाला वसुबारस म्हणतात आणि गाय-वासरू पूजतात. वाघाचं तिकडे काही काम नसतं.


जाहिरातीत होतं: मुक्काम आदिवासी घरात.

रतनगडाच्या अल्याड उंबरवाडी म्हणून गाव. तिथे भिमाजीचं घर. घराला स्लॅब, न्हाणीघरात फरशी आणि पुढच्या भिंतीवर वारली चित्रं. ती चित्रं भिमाजीने नाशिकहून पेंटर आणून काढून घेतली होती, कारण पाहुणे विचारतात. भिमाजी महादेव कोळी. वारलीशी त्याचा संबंध पाहुण्यांइतकाच.

पुण्याचे पाच जण आले होते. त्यांत निकिता नावाची मुलगी सगळ्यांच्या वतीने बोलायची आणि करण नावाचा मुलगा सगळ्यांच्या वतीने नाराज व्हायचा. दोघांनी चित्रांसमोर फोटो काढले. भिमाजीच्या बायकोने, मुक्ताबाईने, नागलीची भाकरी आणि पिठलं वाढलं. करणने भाकरीचा रंग बघून ती करपली का असं विचारलं. मुक्ताबाई म्हणाली, नागलीचा रंगच असा. करणने मान डोलावली आणि दुसरी मागितली. इथवर धंदा बरा चालला होता.


जाहिरातीत होतं: रात्री शेकोटीभोवती पारंपरिक नृत्य.

हे झालं नाही.


का झालं नाही, ते असं.

जेवणानंतर गहिनीनाथने भिमाजीला बाजूला घेऊन नाचाचं विचारलं. भिमाजी म्हणाला, नाच लग्नात असतो. आत्ता कोणाचं लग्न नाही. शिवाय आज वाघबारस. आज गावाला वाघाचं काम आहे.

वाघाचं काम म्हणजे काय, ते भिमाजीने नीट सांगितलं. गुराखी घरोघर जाऊन तांदूळ, गूळ, दूध मागतात. गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड आहे, त्याच्यापाशी खीर शिजते, नैवेद्य दाखवतात. मग गावातल्या एकाला वाघ करतात. त्याला विचारतात, आमच्या शिवंत येशील का? तो नाही म्हणतो. असं तीनदा. मग त्याला आरडाओरडा करत, शेणाचे गोळे मारत शिवेपलीकडे हाकलतात. गुरं वर्षभर सुखरूप राहतात.

गहिनीनाथच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. हे नाचापेक्षा चांगलं होतं. हे फोटोत दिसणार होतं.

अडचण एकच होती. यंदा वाघ व्हायला कोणी तयार नव्हतं. गेल्या वर्षी बन्सी झाला होता, आणि दिवाळीचा पाडवा उलटला न उलटला तोच बिबट्याने रंगूबाईचं वासरू नेलं. रंगूबाई भिमाजीची चुलती. तिने तेव्हापासून बन्सीशी बोलणं टाकलं होतं, आणि गावानेही बन्सीला वाघ म्हणून नापास केलं होतं. त्याची जागा घेऊन पुढच्या वर्षी आपण नापास व्हावं, असं कोणालाच वाटत नव्हतं.

गहिनीनाथ म्हणाला, मी होतो.

गावकऱ्यांनी त्यावर बराच विचार केला. कोणी म्हणालं, परगावचा माणूस वाघ कसा चालेल. त्यावर भिमाजी म्हणाला, वाघ काय गावातला असतो का. हे सगळ्यांना पटलं. शेवटी रंगूबाई पुढे आली. तिने गहिनीनाथला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं बाजारात जनावर पाहतात, आणि नाव विचारलं.

“गहिनीनाथ.”

“नाथांचं नाव हाय,” ती गावाकडे वळून म्हणाली. “ह्यो खोटं बोलायचा न्हाई.”

बन्सी मागे उभा होता.


जाहिरातीत नव्हतं.

उन्हं कलायच्या सुमाराला गहिनीनाथच्या अंगाला हळद फासली, कोळशाचे पट्टे ओढले. शेपटी म्हणून म्हशीचं जुनं दावं बांधलं. करणने मोबाईल आडवा धरला. निकिताने त्याला, दादा, जरा गुरगुरा ना, असं सांगितलं. गहिनीनाथ गुरगुरला. वाघोबाच्या दगडापाशी सगळं गाव जमलं होतं. दगडावर शेंदूर होता आणि कोरलेला वाघ जवळजवळ पुसून गेला होता; माहीत असेल तरच दिसायचा.

“आमच्या शिवंत येशील का?”

“नाही येणार,” गहिनीनाथ म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने आवाज वाढवला, कारण करणने हाताने तशी खूण केली. तिसऱ्यांदा तर त्याने दोन्ही हात वर केले.

मग गाव अंगावर आलं. शेणाचे गोळे ताजे होते. बन्सीचा नेम सगळ्यांत चांगला निघाला. गहिनीनाथ दगड ओलांडून पलीकडच्या उतारावर पळाला, करवंदीच्या जाळीपाशी थांबला, दम खाल्ला, पाठीवरचं शेण पुसलं आणि लोकांबरोबर आपणही हसलो तर बरं दिसेल म्हणून हसत परत निघाला.

परत येताना त्याला कोणी हसताना दिसलं नाही. लोक पाठ फिरवून चालले होते. भिमाजी तेवढा मागे राहिला होता. तोही त्याच्याकडे न बघता, जणू दगडाला सांगावं तसं म्हणाला,

“सकाळी गुरं सुटूस्तवर वाघ शिवंत येत न्हाई.”

आणि गेला.

गहिनीनाथला वाटलं होतं, कार्यक्रम दहा-पंधरा मिनिटांचा असेल. शिवेच्या अलीकडे त्याची सॅक होती, शर्ट होता, बूट होते, पाच गिऱ्हाइकं होती आणि पहाटे त्यांना गडावर न्यायचं होतं. पलीकडे तो होता. त्याच्या चड्डीच्या खिशात मोबाईल होता, आणि उंबरवाडीत धड कुठेच न मिळणारी रेंज नेमकी तिथे होती.


रंगूबाईचं गाईशी झालेलं बोलणं.

सगळे गेले, पण रंगूबाई गेली नाही. ती घरी जाऊन आपली गाय घेऊन आली, दगडाच्या अलीकडे बसली, दावं हाताला गुंडाळलं आणि मांडीवर काठी ठेवली. वाघावर नजर ठेवायला ती आली होती, हे उघड होतं.

गहिनीनाथने विचारलं, आजी, खरंच सकाळपर्यंत?

रंगूबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने गाईच्या मानेखाली खाजवलं.

“कपिले,” ती म्हणाली, “वाघाशी कोनी बोलतं का गं? न्हाई. वाघाशी बोलत नसत्यात.”

गहिनीनाथ म्हणाला, आजी, माझे लोक वाट बघतायत, धंद्याचा प्रश्न आहे. वाघाच्याही घरचा विचार करायला पाहिजे, असं काहीसं तो पुढे म्हणाला. त्याला ते स्वतःलाच पटलं नाही.

कपिला रवंथ करत होती.

तेवढ्यात फोन वाजला. निकिता होती. खाली भिमाजीच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला चिकटून उभी असलेली तिची आकृती त्याला इथून दिसत होती. गावात तेवढ्याच जागी एखादी काडी रेंज यायची. ती म्हणाली, दादा, कुठे आहात, शेकोटी पेटलीये, सगळे थांबलेत. गहिनीनाथने परिस्थिती सांगितली. निकिता म्हणाली, अहो पण ते नाटक होतं ना, मागच्या वाटेनं या, कोण बघतंय.

“एक आजी बघतायत,” गहिनीनाथ म्हणाला. “आणि एक गाय.”

निकिताने अगदी सभ्य आवाजात सांगितलं की करणचं म्हणणं आहे, लीडर पहिल्याच संध्याकाळी गायब झाला हे नेटवर लिहायला लागेल. तिला स्वतःला लिहायची इच्छा नाही. पण सगळे रजा टाकून आलेत.

गहिनीनाथला दुकान दिसलं. बाजरीच्या पिशव्या दिसल्या. नाना ते लिहिलेलं वाचणार, एका हाताने चष्मा धरून. फोन कानाला तसाच धरून त्याने उजवा पाय उचलला आणि दगडावरून अलीकडे, गावाच्या बाजूला नेला. टेकवला नाही.

“कपिले,” रंगूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “तुज्या वासराचं नाव काय ठेवलं हुतं गं आपन? सोन्या. व्हय, सोन्या.”

गहिनीनाथचा पाय हवेत होता.

“गेल्या बारशीला रातीच बन्सी मोबाईल चार्जिंगला लावाया घरी आल्ता. लगीच जानार हुता. तसाच निजला. म्हनला, वाघ कुठं आला, मीच तर आलो.” तिने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. “मानूस म्हनून आल्ता बिचारा. पर न्हाई म्हनताना वाघ म्हनून म्हनला हुता ना.”

फोनमधून निकिता हॅलो हॅलो म्हणत होती. गहिनीनाथने पाय परत घेतला. हळद वाळून कातडी ताणली गेली होती, ती गुडघ्यापाशी तडकली.

“सकाळी गुरं सुटली की येतो,” तो फोनवर म्हणाला. “गडावर भिमाजीबरोबर जा. मी शब्द दिलाय.”

“कोणाला?”

“गावाला,” तो म्हणाला. मग समोर बघून दुरुस्ती केली. “गाईला.”

निकिता ओके म्हणाली. हे ओके म्हणजे होकार नसतो, हे त्याला कळलं. स्लॅबवरची आकृती खाली उतरली आणि त्याबरोबर धंदाही उतरला. गहिनीनाथने मोबाईल बंद केला. चार्जिंग भरपूर होतं.


नैवेद्य.

गार वारा सुटला. खालून शेकोटीचा उजेड आणि माणसांचं हसणं वर येत होतं. नंतर गाणंही आलं. मुक्ताबाईचा आवाज होता, मागून पाच जणांचे बेसूर आवाज. शेकोटीभोवतीचा कार्यक्रम जाहिरातीपेक्षा चांगला चालला होता. लीडर तेवढा नव्हता.

दगडासमोर पळसाच्या पानावर खीर होती. गहिनीनाथने सकाळपासून अर्ध्या भाकरीपलीकडे काही खाल्लं नव्हतं. गिऱ्हाइकांचं आधी बघायचं म्हणून. तो खिरीकडे बघत होता. देवाचा नैवेद्य खावा की नाही, याबद्दल तिसगावचे नियम त्याला माहीत होते, इथले नव्हते.

रंगूबाई उठली. गुडघे धरत, कपिलेला पुढे घालत. जाताना तिने अंगावरची घोंगडी काढली, घडी केली आणि दगडावर ठेवली.

“चल गं,” ती गाईला म्हणाली. “घोंगडी हितंच ऱ्हाती वाटतं. म्हातारपनी इसरायला हुतं.”

चार पावलं गेल्यावर ती थांबली. मागे वळली नाही.

“आन त्यो निवद कोनासाठी ठेवलाय गं कपिले? वाघासाठीच ना?”

मग ती खरंच गेली. म्हणजे आता बघायला कोणीच नव्हतं.

गहिनीनाथने शिवेपलीकडूनच हात लांब केला, पान ओढून घेतलं आणि खीर खाल्ली. गूळ थोडा जास्त होता.


सकाळ.

गुरं सुटली. पुढच्या गुराख्याने दगडाला काठी टेकवली आणि नमस्कार केला. गहिनीनाथ घोंगडी घेऊन खाली आला. वाटेत त्याला लोक भेटले, त्यांनी रामराम केला. काल त्याला शेण मारलेलं कोणाच्याच लक्षात नव्हतं. भिमाजीच्या दारात मुक्ताबाईने तोंड धुवायला पाणी दिलं आणि नव्या पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, पाव्हणं कुठलं?

“तिसगावचा,” गहिनीनाथ म्हणाला.

लांबून आलात, ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

पुण्याचे लोक भिमाजीबरोबर गडावर गेले होते. उतरल्यावर त्यांनी भिमाजीचा नंबर घेतला, मुक्ताबाईबरोबर फोटो काढले आणि गहिनीनाथशी सभ्यपणे वागले.


नेटवर लिहिलेलं.

लीडर पहिल्या संध्याकाळपासून गैरहजर. बाकी सगळं अप्रतिम.

नानांनी ते एका हाताने चष्मा धरून वाचलं. दुसरं वाक्यही वाचलं, पण त्यांना पहिलं पुरलं. दिवाळीनंतर गहिनीनाथ दुकानात बसू लागला. बाजरी, तूर, कांदा. जाहिरात त्याने काढून टाकली. अधूनमधून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, तो उंबरवाडीला फोन लावायचा आणि गुरांची चौकशी करायचा. भिमाजी न कंटाळता सांगायचा, सगळी हायेत.


पुढचा आश्विन.

भिमाजीचा फोन आला तेव्हा नाना तुरीचं माप करत होते. भिमाजी म्हणाला, वर्षात एक जनावर गेलं नाही. कपिला व्याली, कालवड झाली. पलीकडच्या गावातल्या दोन शेळ्या मात्र बिबट्याने नेल्या. ते लोक रागावले आहेत, म्हणतात, तुमचा वाघ तुम्ही लई जोरात हाकललात. तर गावाचं असं ठरलंय की यंदाही तुम्हीच या. बन्सीनेच तुमचं नाव सुचवलं.

गहिनीनाथने फोन ठेवला आणि सॅक काढली.

“सहल का?” नानांनी विचारलं.

“नाही. वाघ व्हायला बोलावलंय.”

नानांनी माप पुरं केलं, पिशवीचं तोंड बांधलं.

“गिऱ्हाईक?”

“कोणी नाही.”

“मुक्काम?”

“शिवेपलीकडे. सकाळी गुरं सुटेपर्यंत.”

बारशीच्या दिवशी नानांचं दुकान उघडं ठेवायला माणूस लागणार होता, हे दोघांनाही माहीत होतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

“शब्द दिलायस?”

“तीनदा.”

“मग जा,” नाना म्हणाले. “भाकरी बांधून घे.”

“नको,” गहिनीनाथ म्हणाला. “नैवेद्य असतो.”