आवाज बंद केला की

खारूचा फोन रविवारी अकराला येतो आणि अकरा वाजून चार मिनिटांनी संपतो. मी घड्याळ लावून बसत नाही, फोनवरच दिसतं. जेवलास का, हो. अभ्यास, चालू आहे. आई कशी आहे, बरी आहे. ठेवू का, ठेव. खारू म्हणजे माझी मुलगी, वय बारा. लहानपणी बटणं, खोडरबर, पेन्सिलींचे तुकडे असं काहीबाही खिशात साठवायची म्हणून मी तिला खारू म्हणायला लागलो. दीड वर्षापूर्वी ती आणि तिची आई दुसऱ्या शहरात राहायला गेल्या. आदळआपट, रडारड असलं काही झालं नाही. तिची आई एवढंच म्हणाली, "या घरात बोलायची चोरी झालीय." मला तेव्हा ते अजिबात कळलं नाही, आणि मी तसं तोंडावर म्हणालोही.

त्या रविवारी मात्र चौथ्या मिनिटाला 'ठेवू का'च्या जागी भलतंच आलं.

"बाबा, तुझा गेम बंद पडतो."

"कधी?"

"आवाज बंद केला की."

"असं होऊच शकत नाही," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य सगळे आधी म्हणतात आणि मग तोंडघशी पडतात.

"बरं. मग काढून टाकते. तसंही फोनमध्ये जागा नाहीये."

मीच बनवलेला तो गेम म्हणजे काही जग जिंकणारी गोष्ट नाही. त्याचं नाव 'आवराआवर'. पाच खोल्यांचं एक घर, त्यात पसारा, आणि एकेक वस्तू उचलून जागेवर ठेवायची. ठेवली की तिचा आवाज होतो. डब्याचं झाकण, खण, कडी, बादली. हे सगळे आवाज मी चार वर्षांपूर्वी याच घरात रेकॉर्ड केले होते, तिघं होतो तेव्हा. खोली पूर्ण आवरली की कोणीतरी हसतं आणि पुढचं दार उघडतं. ते हसणं खारूच्या आईचं. मी मायक्रोफोनच्या वायरीत पाय अडकून पडलो होतो, तेव्हाचं. हा गेम जगात मोजून तीनेकशे लोक खेळतात, त्यातल्या एकीशी माझं नातं आहे. तिच्या फोनमधून तो गेला की तिच्या दिवसात माझं काहीच उरणार नव्हतं.

"काढू नकोस," मी म्हणालो. "उद्या शाळेतून आलीस की फोन कर. दोघं मिळून शोधू."

"उद्या? सोमवारी?"

"बग रविवारची वाट बघत नाही," मी ऐटीत सांगितलं.

सोमवारी साडेपाचला तिचा फोन आला. मी धंद्याने टेस्टर. दुसऱ्यांची अ‍ॅप कुठे बंद पडतात ते, म्हणजे त्यातल्या चुका, बग, शोधणं हेच माझं काम, त्यामुळे प्रश्न विचारण्यात मी पटाईत. कोणती खोली? दुसरी. लगेच बंद पडतो का? नाही, आधी अडकून राहतो, मग अर्ध्या मिनिटाने स्क्रीन पांढरी होते आणि गायब. मी माझ्या फोनचा आवाज बंद करून पाचही खोल्या आवरल्या. काही झालं नाही. पुन्हा आवरल्या. गेम मजेत चालू. खऱ्या घरात मी इतकी आवराआवर कधी केली असती, तर बरंच काही वेगळं झालं असतं.

मंगळवारी पुन्हा तेच. तिच्याकडे बंद, माझ्याकडे चालू. शोधता शोधता तिने मला दातांना बसवलेल्या तारेबद्दल सांगितलं, आणि विज्ञानाच्या बाई स्वतःच्याच विनोदाला हसतात हेही. फोन पस्तीस मिनिटं चालला. मी ठेवला तेव्हा माझा कान गरम झाला होता.

बुधवारी तिला विचारलं, "आवाज बंद करतेस म्हणजे नक्की काय करतेस?"

"वर कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे ना, ते दाबते."

ते बटण गेममध्ये होतं आणि मीच बसवलं होतं. पण मी ते कधी दाबून पाहिलंच नव्हतं. फोनचा आवाज कमी केला तरी गेम आतल्या आत सगळं वाजवत राहतो. ते बटण मात्र वाजवणंच थांबवतं. दुसऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये मी असली बटणं पहिल्या दिवशी दाबतो. स्वतःच्या गेमचा आवाज बंद करायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. रोज संध्याकाळी मी तो सुरू करून टेबलावर ठेवतो, ते काही खेळायला नाही. घरात आवाज असावा म्हणून.

फोन ठेवला आणि ते बटण दाबलं. पहिली खोली गेम शिकवण्यापुरती, तिथे कोणी हसत नाही, ती पार झाली. दुसरी आवरली आणि गेम अडकला. कारण दहा मिनिटांत सापडलं. मी असं लिहून ठेवलं होतं की खोली आवरली की हसणं सुरू करायचं, ते संपेपर्यंत थांबायचं आणि मगच दार उघडायचं. आवाज बंद असला तर हसणं सुरूच होत नाही, म्हणून संपतही नाही. गेम थांबून राहतो. शेवटी फोनच कंटाळतो आणि त्याला बंद करतो. दोन ओळींची दुरुस्ती. मी ती केली, तपासली, आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसलो.

पाठवली नाही. खरं सांगतो, त्यात माझा काहीही उदात्त हेतू नव्हता. दुरुस्त झाला असता तर गुरुवारी तिने फोन कशाला केला असता?

गुरुवारी मी तिला सांगितलं, "अजून सापडत नाहीये. आज दुसरी खोली उलट्या क्रमाने आवरून बघ." उलट्या क्रमाचा आणि त्या बगचा सुतराम संबंध नव्हता. तिने इमानदारीने आवरली. "तीनदा बंद पडला," म्हणाली. शुक्रवारी पाचदा बंद पडला. शुक्रवारचा फोन पन्नास मिनिटांचा झाला. तिला वर्गातल्या एका मुलीने वाढदिवसाला बोलावलं नव्हतं. ते तिने मला सांगितलं, आईला सांगितलं नव्हतं. मी अभिमानाने फुललो आणि त्याच वेळी मला माझी लाजही वाटली. पोरीला खोटं काम लावून तिच्या मनातलं काढून घेत होतो.

शनिवारी लाज जास्त झाली म्हणून कॉम्प्युटर उघडला. गेम कुठेही बंद पडला की त्याची एक नोंद आपोआप माझ्याकडे येते. आठवडाभर मी ती यादी पाहिलीच नव्हती, कारण खारूच्या तोंडून ऐकायला जास्त बरं वाटत होतं. तिच्या फोनवरून रविवारच्या नोंदी होत्या, सोमवारच्या होत्या, मंगळवारच्या दोन होत्या. त्यानंतर एकही नव्हती. गुरुवारचे तीन नाहीत, शुक्रवारचे पाच नाहीत. तिच्या फोनवर गेम मंगळवारनंतर बंद पडलाच नव्हता.

मी एकटाच मोठ्याने हसलो. खोटं बोलण्यात पोरगी थेट माझ्यावर गेली होती. मग हसू थांबलं. बारा वर्षांच्या मुलीला बापाशी बोलायला बग लागत होता. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी दुरुस्ती पाठवून दिली. अकराला तिचा फोन आला.

"खारू, गेम नीट झाला. आणि खरं म्हणजे कारण मला बुधवारीच सापडलं होतं."

ती म्हणाली, "मग गुरुवारी उलटं का आवरायला लावलंस?"

"तू फोन करावास म्हणून."

"अच्छा." मग तिनेही सांगितलं, "माझ्याकडे पण बंद पडत नव्हता. आईचे जुने इयरफोन मिळाले मला मंगळवारी. मग स्पीकर बंदच करावा लागला नाही."

"मला कळलं काल."

"रागावलास?"

"नाही गं. पण आधी आवाज का बंद करायचीस?"

ती घुटमळली. "आई शेजारी असते ना. गेममधलं तिचं हसणं वाजलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते."

"काढून टाकू का ते हसणं?" मी कसंबसं विचारलं.

"नको," ती पटकन म्हणाली. "मला आवडतं. आणि इयरफोनमध्ये अजून एक ऐकू येतं. तू पण आहेस त्यात."

"मी कुठे? मी तर रेकॉर्ड करत होतो."

"आहेस. आई हसायच्या आधी. तू 'शूऽऽ' म्हणतोस."

मी खुर्चीत नीट बसलो.

"तेवढंच आहे तुझं," खारू म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, गुरुवारी 'तीनदा बंद पडला' म्हणाली होती तसंच सरळ सांगत होती. "दुसरं काहीतरी टाक ना. उद्या टाकलंस तर उद्या संध्याकाळी मी तपासून सांगते."

फोन ठेवल्यावर मी हेडफोन लावून ती फाइल ऐकली. होतं. चार वर्षं मला तो श्वासाचा आवाज वाटत होता. माझा 'शूऽऽ', मग धप्प, मग तिचं हसणं. रेकॉर्डिंगच्या त्या महिन्यात मी दोघींना दिवसातून किती वेळा गप्प केलं असेल याचा हिशोब नाही. खण हळू लाव, आता बोलू नका, चालू नका, रेकॉर्डिंग चालू आहे. गेम झाला तरी माझी सवय गेली नाही. फोनवर असलो की शू, काम करतो आहे, शू. बोलायची चोरी कशाला म्हणतात ते मला हेडफोन घालून, दीड वर्ष उशिरा कळलं.

मायक्रोफोन कपाटाच्या वरच्या खणात होता. त्यावरची धूळ पुसली, वायर नीट बाजूला केली, टेबलावर ठेवला. दुपारची वेळ. घरात इतकी शांतता होती की तेव्हा मिळाली असती तर मी खूश झालो असतो. कोणाचीही चाहूल नाही, खणाचा आवाज नाही, कोणाला गप्प करायची गरज नाही. रेकॉर्डिंग सुरू केलं. चार मिनिटं तशीच गेली. मग मी म्हणालो, "खारू, मी बाबा बोलतोय," आणि पुढे काय बोलायचं ते मला सुचेना.