पश्चिमेच्या गॅलरीतलं पाणी

पूर्वाला खराडीच्या कंपनीत नोकरी लागली, त्या वर्षी ह्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. पूर्वा माझी नात, राकेशची मुलगी. हे म्हणजे तिचे आजोबा. स्वारगेट डेपोत बसगाड्यांचे मेकॅनिक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही पाच जण धायरीत सहाव्या मजल्यावर राहत होतो. आम्ही दोघं, राकेश, सून निशा आणि पूर्वा.

मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. लघवी जवळजवळ बंद झालेली, त्यामुळे अंगात साठलेलं पाणी मशीनच ओढून काढायचं. म्हणून प्यायचं पाणी मोजून. दिवसाला एक लिटर, चहा, आमटी, ताक सगळं त्यात धरून. सकाळी एक बाटली भरून ठेवायची आणि चहा दिला की तितकं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. हे काम माझ्याकडे आलं. ‘आजी, मला नाही जमणार, मला रडू येतं,’ पूर्वा म्हणाली. मला जमलं. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

फेब्रुवारीत पूर्वाने आजोबांसाठी फुलांच्या टांगत्या टोपल्या आणल्या. पिटुनियाच्या, जांभळ्या आणि गुलाबी. दिवसभर घरात बसून माणूस कंटाळतो, समोर काहीतरी दिसावं, हा तिचा विचार. आमची गॅलरी पश्चिमेची. दुपारी एकदा ऊन आत आलं की मावळेपर्यंत जात नाही. रेलिंगला हात लावता येत नाही. फुलांना सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, तरी दुपारी माना टाकायची. हे खुर्चीत बसून बघायचे.

‘यांना बादलीभर, आणि मला बाटलीभर,’ हे म्हणाले.

‘आजोबा, असं काय बोलता?’

‘हिशोब सांगतोय.’

आठवडाभरात ती फुलं वाळून गेली. तेव्हा ह्यांनी मला घेऊन धायरी फाट्यापुढची नर्सरी गाठली. उत्तरेश्वर नावाचा माणूस ती चालवतो.

‘काका, गॅलरीचं तोंड कुठं?’

‘पश्चिमेला.’

‘मग पिटुनिया कुणी दिला तुम्हाला?’

‘नातीनं. पहिल्या पगारात.’

‘मग छान आहे.’

‘छान होता. मेला.’

उत्तरेश्वर हसला. म्हणाला, ‘पश्चिमेचं ऊन म्हणजे तवा. ऑफिस टाइम लावा.’ ऑफिस टाइम म्हणजे चिनी गुलाब. सकाळी नऊ-दहाला उमलतो, ऊन उतरलं की मिटतो, म्हणून ते नाव.

‘रिटायर माणसाला ऑफिस टाइम?’ हे म्हणाले.

‘पान बघा की. कसं जाड आहे. त्याचं पाणी त्याच्यातच. याला उन्हाचा त्रास नाही, पाण्याचा आहे. जास्त झालं की मुळं कुजलीच.’

‘म्हणजे पेशंटच,’ हे म्हणाले. ‘द्या.’

काळ्या प्लास्टिकच्या टोपल्या नको, त्यात मुळं शिजतात, असं त्यानं सांगितलं. तारेच्या टोपल्या घ्या, आतून नारळाचा काथ्या लावा. मातीत वाळू भरपूर घाला. आणि छताजवळ टांगू नका, स्लॅब तापतो, वरची हवा खालच्यापेक्षा गरम असते. ह्यांनी सगळं तसंच केलं. सळईचे आकडे स्वतः वाकवले. खुर्चीत बसल्यावर हात पोचेल इतक्या खाली टोपल्या आणल्या. चार-पाच दिवसांनी प्रत्येक टोपली फिरवायची, म्हणजे सगळ्या बाजूंना ऊन लागतं. शेंडे खुडायचे, म्हणजे झाड पसरतं, टोपलीबाहेर लोंबतं.

पाणी कधी द्यायचं ते हे वजनावरून ठरवायचे. टोपलीखाली तळहात धरून उचलून बघायची. हलकी लागली तर खाली काढायची आणि मोरीतल्या बादलीत बुडवायची. कोरड्या मातीवर वरून ओतलं तर पाणी कडेनं निघून जातं, आत पोचत नाही. बादलीत बुडबुडे यायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हे वाकून बघत राहायचे. मग निथळून परत टांगायची. ते चालू असताना मी स्वयंपाकघरात काम काढायचे.

मार्च लागला. रमजान चालू झाला होता. शेजारच्या फ्लॅटमध्ये मदिनाबी राहते, तिची आणि आमची गॅलरी लागून आहे, मध्ये कमरेएवढी भिंत. ती म्हणायची, ‘चंपाताई, आमचा रोजा संध्याकाळी सुटतो तरी. रतनभाऊंचा सुटतच नाही.’

‘नाही सुटत,’ मी म्हणायचे.

त्याच महिन्यात ह्यांचं वजन वाढायला लागलं. डायलिसिसच्या आधी वजन करतात. आधीच्या वेळेपेक्षा दोन किलो वाढलं तर ठीक, त्याच्यावर गेलं की सगळं अंगात साठलेलं पाणी. टेक्निशियन म्हणाला, ‘आजी, साडेतीन किलो आहे. घरी पाण्याकडे कोण बघतं?’

‘मी.’

‘मग बघा ना.’

मी बघतच होते. बाटली एक, मोजमाप तेच, संध्याकाळी उरलेलं पाणी मी डोळ्यांनी बघायचे. आकडे मोठे होत गेले. एका शनिवारी ह्यांना आडवं होता येईना, श्वास लागला. तसंच बसवून नेलं. मशीन जास्त वेळ लावावं लागलं, पायांत गोळे आले. डॉक्टरांनी मला आणि राकेशला बाजूला घेतलं. ‘हृदय थकलंय. फुप्फुसात पुन्हा पाणी भरलं तर ते झेपणार नाही. एक लिटर म्हणजे एक लिटर.’

रिक्षात राकेश माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, मी मोजायला चुकते असं त्याला वाटतंय.

दोन दिवसांनी गॅलरीतून ह्यांची हाक आली. टोपल्यांतली पानं पिवळी पडली होती, देठ मुळाशी काळे, बोट लावलं की गळत होते. ह्यांनी एक टोपली तळहातावर घेतली.

‘उचल.’

उचलली. जड होती, ओल्या कपड्याच्या पिळ्यासारखी.

‘मी चार दिवसांत हिला पाणी दाखवलेलं नाही,’ हे म्हणाले. ‘तू घातलंस?’

‘नाही.’

‘तू घालणार नाहीस, ते माहीत आहे मला.’

रात्री जेवताना ह्यांनी सगळ्यांना विचारलं. मदिनाबी वाटीत खीर घेऊन आली होती, तीही दारात उभी होती.

‘आजोबा, मी फक्त थोडंसं,’ पूर्वा म्हणाली. ‘सकाळी निघताना. इतकं ऊन असतं, बिचारी.’

‘मी दुपारी घालते,’ निशा म्हणाली. ‘वाळल्यासारखी वाटायची. बाबांना दिवसातून किती वेळा उठवायचं?’

राकेश म्हणाला, ‘ऑफिसहून आलो की मीही एक मग. मला काय माहीत बाकीचे घालतायत!’

मदिनाबी म्हणाली, ‘या अल्लाह, मीपण. भिंतीवरून. म्हटलं, कुणाचं लक्ष नसेल.’

‘वा,’ हे म्हणाले. ‘चौघांनी मिळून बुडवलीत.’

पूर्वा हसली. निशाही. मी हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, ‘आणि ह्यांना?’

निशा ताटातली आमटी ढवळायला लागली.

‘ह्यांना कोण काय देतं?’

पूर्वा आधी बोलली. ती फ्रिजमधला बर्फाचा खडा द्यायची, रोज दोन-तीन. निशा दुपारी कलिंगडाची फोड द्यायची, पातळ कापून. राकेश झोपायच्या आधी अर्धा ग्लास. मदिनाबी संध्याकाळी रोजा सोडताना गुलाबाचं सरबत भिंतीवरून पुढे करायची, वाटीभरच. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच देतो, आणि एवढ्यानं काय होतंय.

‘तुम्ही घेत होतात?’ मी ह्यांना विचारलं.

‘मागितलं नाही कोणाकडे. दिलं, घेतलं.’

‘आणि मला सांगितलं नाहीत.’

‘तुला सांगितलं असतं तर मिळालं नसतं.’

ते खरं होतं. निशा रडायला लागली. ‘आई, तुम्हाला कसं बघवतं हो?’ तिनं विचारलं. बघवतं का, असा विचारच मी केला नव्हता.

शेवटी ह्यांनीच ठरवलं. ‘आता झाडांना आणि मला, दोघांनाही पाणी एकच माणूस देणार. चंपा. बाकीच्यांनी हात लावायचा नाही.’ दुसऱ्या दिवशी मला पुठ्ठा आणि मार्कर आणायला लावला. मी साठी जवळ आल्यावर अक्षरं शिकले, माझं अक्षर मोठं आणि सुटं आहे, लांबून वाचता येतं. अक्षर माझं, मजकूर ह्यांचा. ‘टोपलीस पाणी घालू नये. दया आल्यास आवरावी.’ ती पाटी गॅलरीत लागली.

‘एक माझ्या गळ्यातही घाल,’ हे म्हणाले.

कुजलेल्यातून ह्यांनी चांगले शेंडे निवडून घेतले. टोपल्यांत नवी वाळू-माती भरून त्यात ते नुसते खोचले. ऑफिस टाइमला तेवढं पुरतं. पंधरवड्यात धरले. टोपल्या उचलून बघायचं काम आता माझं होतं, हे खुर्चीतून सांगायचे. ‘अजून हलकी होऊ दे. घाई नको.’ वजनातली वाढ खाली आली. दीड किलो, पावणेदोन किलो. टेक्निशियन माझ्याशी नीट बोलायला लागला. घरातले मात्र माझ्याशी जपून बोलत. मी खोलीत आले की पूर्वा फ्रिजपासून लांब व्हायची. मदिनाबीनं ईदेला शिरखुर्मा दिला तो माझ्या हातात, आणि म्हणाली, ‘तुम्ही ठरवा, ताई.’ मी दोन चमचे दिले. तेवढे बाटलीतून कमी केले.

चौदा एप्रिलला आम्ही दोघं विहारात गेलो. वंदना झाली. बाहेर मांडवात सरबत, ताक, थंड पाणी वाटत होते. चार पावलं टाकली की कोणी ना कोणी ग्लास पुढे करायचं. ‘घ्या दादा, जयंतीचं आहे.’ हे हात जोडायचे. ‘जय भीम. नको.’ एक म्हातारी बाई ग्लास धरून अडूनच बसली. म्हणाली, ‘का हो? आमच्या हातचं चालत नाही का?’ आसपासचे हसले.

‘हातात काही नाही, बाई,’ हे म्हणाले. ‘किडनीत आहे.’

घरी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. हे पांढऱ्या कपड्यांतच गॅलरीत जाऊन बसले. ऊन आत येत होतं. टोपल्यांतली सगळी फुलं उघडी होती, लाल, पिवळी, पांढरी. घरात आम्ही दोघंच होतो.

‘चंपा, एक तांब्या पाणी दे. माठातलं. मोजू नकोस.’

‘बाटलीत आहे थोडं.’

‘बाटलीतलं नको.’

‘उद्या मशीन आहे.’

‘म्हणून तर आज मागतोय. उद्या काढतीलच.’

‘नाही.’

ह्यांचे ओठ चिकटले होते, बोलताना आवाज व्हायचा.

‘राकेशकडे मागितलं असतं तर दिलं असतं त्यानं.’

‘दिलं असतं.’

‘म्हणून त्याच्याकडे मागितलं नाही. तुझ्याकडे मागितलं.’

मी दारात उभी होते. माठ माझ्या मागे होता. डॉक्टर बोलले ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. दुसरं काही आठवत नव्हतं.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘बरं,’ हे म्हणाले. मग हात वर करून टोपलीतली कालची मिटलेली फुलं खुडायला लागले.

मंगळवारी वजन बरोबर भरलं. टेक्निशियन म्हणाला, ‘वा आजोबा, एकदम परफेक्ट.’ कार्डावरचा आकडा मी स्वतः वाचला. गुरुवारी बरोबर, शनिवारी बरोबर. पुढच्या मंगळवारीही बरोबर. ह्यांनी पुन्हा मागितलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी वजन झालं, तेही बरोबर होतं. खुर्चीत बसवून हाताला सुया लावायच्या आधीच ह्यांची मान पुढे झुकली. डॉक्टर धावत आले, खूप खटपट केली. नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, पाण्याचा काही संबंध नाही.

मी विचारलं, ‘चौदा तारखेला एक तांब्या मागितला होता. दिला असता तर?’

‘काही फरक पडला नसता, आजी.’

‘आणि न दिल्यानं?’

‘त्यानंही नाही.’

राकेशने सह्या केल्या. निशाने मला घट्ट धरलं होतं, तिला वाटत होतं मी पडेन. मी पडले नाही.

माझे पती रतन सखाराम रणपिसे गुरुवार, दिनांक २४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी वारले. ते त्र्याहत्तर वर्षांचे होते.