माझी गोळी कोरपन्याला आहे

मी एक माऊस आहे, कॉम्प्युटरचा. आज तुमच्या हाताखाली जो असेल तो खालून लाल उजेड टाकत असेल. मी त्याच्या आधीचा. आमच्या पोटात रबर चढवलेली एक जड गोळी असायची. हात सरकला की गोळी फिरायची आणि गोळी फिरली की पडद्यावरचा बाण चालायचा. आमचं सगळं जगणं त्या गोळीवर.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते चंद्रपूरच्या कय्यूमभाईंचं दुकान. ते सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून द्यायचे. गोंडपिपरीहून विक्की आला. नववीतच शाळा सुटलेला, लाजाळू. गावात टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकणार होता. दुकानात उभा राहिला तो उभाच.

"अरे बाबू, लोक दहा गोष्टी मांगते. तू काहीच नाई मांगून राह्यला," असं म्हणून कय्यूमभाईंनी हसत हसत एक बिननावाची सीडी पिशवीत टाकली. "हा गेम ने. यात मारामारी नाई. तुले जमन."

विक्कीचं दुकान म्हणजे घराचीच समोरची खोली. गिऱ्हाईक आलं की तो प्लास्टिकचा स्टूल पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "बसा." तेवढा एक शब्द तो न अडखळता बोलायचा. पुढची बोलणी त्याची बहीण मयुरी करायची. नवऱ्या मुलाचं नाव काय, मामाचं नाव टाकायचं की नाही, सगळं तीच विचारायची. ती बारावी झालेली होती.

भारनियमनाचे दिवस होते. दुपारी लाईट यायची तेव्हा गाव जेवून सुस्त पडलेलं असे. त्या वेळात सीडी लागायची, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत एक शहर उगवायचं.

काय शहर होतं ते! तिथे सारखा पाऊस. उंच उंच इमारतींवर जांभळे-निळे दिवे, खाली ओल्या रस्त्यावर तेच दिवे सांडलेले. कुणाचा हात लोखंडाचा, कुणाच्या डोळ्यात काचेचं भिंग. आणि रेनकोट घातलेली एक मुलगी. एका कंपनीने तिच्या आठवणी काढून घेतल्या होत्या आणि तिला शहराबाहेर पडायचं होतं. ती कुठे जाईल, कशाला हात लावील, ते माझ्या बाणाने दाखवायचं. भिंतीवर टिचकी मारली की भिंतीविषयी दोन ओळी यायच्या. कचऱ्याच्या डब्याविषयीही यायच्या. मयुरी ते इंग्रजी बोट ठेवून वाचायची आणि भावाला सांगायची.

विक्कीला तो खेळ का आवडला, हे मला त्याच्या तळहातावरून कळायचं. गिऱ्हाईक आलं की तो तळहात घामेजायचा. खेळात मात्र कोरडा असायचा. तिथे घाई नव्हती. समोरच्या माणसाशी काय बोलायचं ते पडद्यावरच लिहून यायचं, विक्कीने फक्त निवडायचं. तो निवडेपर्यंत समोरचा माणूस पावसात शांत उभा राहायचा, कंटाळायचा नाही. असं शहर कुठे असेल तर मी तिथेच राहीन, असं त्या हाताला वाटत असावं.

मयुरीचं लग्न ठरलं. कोरपन्याला, सिमेंट कारखान्याजवळच्या घरी. त्याच सुमारास खेळ अडला.

शहराच्या शेवटच्या फाटकावर एक म्हातारा यंत्रमानव पहारेकरी होता. एक हात फाटकाच्या दांड्यावर, आणि तोंडाने एकच वाक्य, "बाहेर काही नाही." दोघांनी त्याला चाव्या दिल्या, ओळखपत्र दिलं, धमकीही देऊन पाहिली. तो हलेना.

"दादा, मी जायाच्या आधी हे पोरगी बाहेर निघाली पायजे," मयुरी म्हणाली.

"तुले काऊन एवढी घाई?"

"मी इथून निघाल्यावर काय होते, मले माहीत नाई. हिचं तरी पाहू दे."

माझ्यावरची विक्कीची पकड घट्ट झाली.

हळदीच्या आदल्या दुपारी पुन्हा तेच. माझी गोळी अडखळू लागली की मयुरी मला उलटं करायची, गोळी काढून ओढणीच्या टोकाने पुसायची आणि आतला मळ पिनेने खरवडायची. ते करून ती बसली, तोच आई, मीराबाई, चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"हा बुढा कोन होय?"

"पहारेकरी. सोडून नाई राह्यला."

"कवाचा उभा आहे?"

"पहिलेपासून."

"वा रे! दुकानात येते त्याले बसा म्हनते, अन् या बुढ्याले उभा ठेवून सवाल करते?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रेनकोटवाल्या मुलीच्या पिशवीत एक घडीचा स्टूल होता, अगदी सुरुवातीला उचललेला. तो चढायलाच असणार म्हणून यांनी शहरातली प्रत्येक भिंत तपासली होती. विक्कीने मला हळूच सरकवलं. स्टूल उचलला. म्हाताऱ्यावर टेकवला. टिक्.

म्हातारा बसला. दांड्यावरचा हात आपोआप सुटला. फाटक उघडलं.

बाहेर पाऊस नव्हता. झाडं होती. उंच, दाट, अंधुक हिरवी झाडं, आणि त्यांच्यातून जाणारी एक पायवाट.

"हे तं आपल्या गावाजवळचं जंगल होय," मयुरी पुटपुटली. रेनकोटवाली मुलगी झाडांत शिरून दिसेनाशी झाली तरी मयुरी बघत राहिली. मग हसली, आणि हसता हसता रडली.

"दादा, इथी यायासाठी ते एवढी धडपडली?"

लग्न झालं. निघायच्या सकाळी ती नव्या साडीत दुकानात आली आणि सवयीने मला उलटं केलं. गोळी काढून पदराने पुसली. तेवढ्यात बाहेरून हाक आली, गाडी लागली म्हणून. ती धावली. मला वाटलं, परत येईल.

दुपारी विक्कीने मला सरकवलं तर बाण जागचा हलेना. त्याने मला उघडलं, आत पाहिलं, बोट घालून चाचपलं. मग गुपचूप झाकण लावलं.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"दादा, मायी सासू तुयावानीच आहे. बोलतच नाई. मी आल्या दिवशी तिले खुर्ची देल्ली, बसा म्हटलं. तवापासून थोडी बोलते."

"बरं."

"अन् अंधार पडला का कारखान्याचे दिवे दिसते. जांभळे नाई, पिवळे. पन तसेच, त्या शहरावानी." मग म्हणाली, "ते गोळी मायाजवळच राह्यली. मुठीत होती. पाठवू का?"

विक्की मला उलटं करून रिकाम्या जागेत बोट फिरवत राहिला. पलीकडे ती थांबली होती, कंटाळली नव्हती.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तुयापाशी."

मग नवा माऊस आला, लाल उजेडाचा. मी टेबलाच्या खणात आलो. आता गिऱ्हाइकाशी विक्कीच बोलतो. अडखळतो, पण मामाचं नावही विचारतो.

कधी तुम्ही हा खण उघडलात, मला उलटं केलंत आणि आत रिकामं दिसलं, तर मला मोडका समजून फेकू नका. माझं बटण अजून वाजतं. फक्त माझी गोळी कोरपन्याला, पिवळ्या दिव्यांच्या शहरात राहते. तिथे आमची एक मुलगी आहे. तिच्याजवळ इथलं काहीतरी असायला हवं.